ओठापासून पेरापर्यंत

आर्डिस हॉगनशी उडीच्या मापावरून वाद घालू नये, हे आमच्या पार्डी या बर्फाळ डोंगरगावात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. एरवी बाई लाख माणूस. तुमची गाडी बर्फात रुतली तर न विचारता दोरखंड घेऊन येईल, घरी आजारपण असेल तर हिरव्या मिरचीच्या रश्श्याचं पातेलं दारात ठेवून जाईल. पण फूट-इंचांची गोष्ट निघाली की नाकावर माशी बसू देणार नाही.

वय बावन्न. बाप खाणीत मोजणीदार होता, त्याची चामड्याच्या डबीतली पोलादी टेप आर्डिसच्या कमरेला कायम. लॉस्ट म्यूल हे आमच्या डोंगरावरचं बर्फ खेळायचं ठिकाण, आणि तिथल्या उड्यांच्या मैदानाची ती पंचवीस वर्षांची कर्तीधर्ती. स्नोकॅट म्हणजे ते साखळीच्या चाकांचं अगडबंब यंत्र. ते घेऊन ती बर्फाचे ढीग लोटते, दाबते, कापते आणि त्यातून उड्या घडवते. पोरंपोरी स्नोबोर्डच्या पाटीवर उभं राहून वरून सुसाट येतात, चढावरून हवेत उडतात आणि पलीकडच्या उतारावर उतरतात.

चढ जिथे संपतो, त्या कडेला ओठ म्हणायचं. त्यापुढे सपाट टेबल. टेबल संपून उतार सुरू होतो तो काठ म्हणजे पेर, मूठ वळल्यावर बोटांची पेरं वर येतात ना, तसं. पेराच्या थोडं पलीकडे उतरलात तर लोण्यावर उतरल्यागत वाटतं. अलीकडे पडलात तर गुडघे गेले म्हणून समजा. आणि फार पुढे गेलात, उतार ओलांडून खालच्या सपाटीवर, तरी गुडघे गेलेच. म्हणून उडी ओठापासून पेरापर्यंत मोजायची आणि तो आकडा वर फळीवर लिहायचा. तो बघूनच खेळणारा ठरवतो, किती वरून सुटायचं. आर्डिसच्या सगळ्यात मोठ्या उडीच्या फळीवर या हिवाळ्यात बावन्न होते. एक्कावन्न नाही, साडेबावन्न नाही.

समोरच्या डोंगरावर ग्रँड हॅलेट. श्रीमंतांचं ठिकाण. कॉफीचा पेला आमच्या जेवणाच्या भावात. आणि त्यांची मापं म्हणजे बोलाचीच कढी! ते ओठापासून मोजायचे ते थेट उताराच्या मध्यापर्यंत. पन्नासाची उडी फळीवर पासष्ट व्हायची. गिऱ्हाईक खूश, मालक खूश.

आर्डिसचा गुडघा त्याच मापानं घेतला होता. एकोणीस वर्षांपूर्वी, दोन्हीकडच्या कामगारांनी एकमेकांच्या मैदानावर खेळायचा वार्षिक दिवस होता. हॅलेटच्या फळीवर साठ लिहिलेले. आर्डिस साठाच्या हिशेबानं वरून सुटली. उडी होती पंचेचाळीसची. अख्खा उतार डोक्यावरून ओलांडून ती खाली सपाटीवर आदळली. तीन शस्त्रक्रिया झाल्या, गुडघ्यात खिळे बसले, आणि पुन्हा कधी तिला उडता आलं नाही. ती उडी बांधणारा होता युसेबिओ ट्रुहियो, हॅलेटच्या स्नोकॅटवरचा माणूस. तो दवाखान्यात फुलं घेऊन आला होता. आर्डिसनं फुलं नर्सला दिली आणि त्याला दार दाखवलं. त्या दिवसापासून हॅलेटची पायरी न चढण्याचा तिनं कानाला खडा लावला. गावातल्या एकुलत्या एका दुकानात तो समोर आला, की ही पिठाच्या पिशव्यांशी मोठ्यानं बोलायची, "काय बाई, हल्ली पाच किलोच्या पिशवीवर सात लिहितात म्हणे. हॅलेटकडून शिकले वाटतं!" युसेबिओ टोपीला हात लावून मुकाट निघून जायचा.

आता तिची मुलगी लिनिया. सतरा वर्षांची, बापाविना वाढलेली. बाप अलास्काला मासेमारीच्या बोटीवर गेला तो तिकडचाच झाला. पोर आईच्या उड्यांवर वाढली. आईचे बावन्न फूट तिला डोळे मिटून कळायचे. त्या शनिवारी तिची निवड चाचणी होती. राज्याच्या संघात तिघींना घेणार होते. पण चाचणी नेमकी हॅलेटवर. आर्डिस म्हणाली, "मी येणार नाही. पण एक लक्षात ठेव. ते खोटारडे काहीही लिहोत, त्यातून पंधरा वजा कर. उरेल ती खरी उडी."

शुक्रवारी संध्याकाळी लिनिया हॅलेटजवळच्या मैत्रिणीकडे मुक्कामाला गेली आणि तिथून फोन केला. "आई, फळी बघितली. पासष्ट लिहिलंय! गेल्या वर्षी ऐंशी होते ना?"

"पासष्ट? मग खरी पन्नास. आपल्यापेक्षा लहान! काय गं, बर्फ आटला की काय त्यांचा?"

"मग आपल्या बावन्नला सुटते त्याच्या जरा खालूनच सुटेन."

"अस्सं! जा, दाखव त्यांना."

दोघी पोट धरून हसल्या, आणि आर्डिस त्या रात्री सुखानं झोपली. हे हसणं पुढे तिला किती टोचलं, ते तिचं तिलाच ठाऊक.

शनिवारी सकाळी आठच्या सुमारास ती मैदानावर दाताळ्यानं ओठाची कड सारखी करत होती. लॉस्ट म्यूलचा व्यवस्थापक कर्टिस लँग लगबगीनं वर आला. हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला बटाटा-अंड्याचा बरिटो, तोंडात त्याचाच घास.

"आर्डिस, मोठी बातमी! पुढच्या आठवड्यात तो इंटरनेटवाला येतोय, दर वर्षी कुणाची उडी मोठी याची यादी करतो तो. आणि हॅलेट पासष्टवर घसरलंय!"

"कळलंय मला."

"मग आपण फळीवर सत्तर लिहू. उताराच्या मध्यापर्यंत मोजलं तर जवळपास भरतातच की! इतकी वर्षं त्यांनी हेच केलं. एकदा आपण केलं तर आभाळ कोसळणार आहे का?"

"कर्टिस, तो बरिटो संपव आणि खाली जा."

"अगं, बघ तरी! काल फोटो काढून आणलाय त्यांच्या उडीचा. बाजूनं काढलाय, नीट दिसतंय सगळं." त्यानं फोन तिच्या नाकासमोर धरला.

आर्डिसनं नाखुशीनंच बघितलं. उडीच्या कडेनं दोर बांधलेल्या बांबूंचं कुंपण होतं. बांबू दर दहा फुटांवर रोवायचे, ही दोन्हीकडची पद्धत. सवयीनं तिचं बोट बांबू मोजत गेलं. ओठापासून एक, दोन, तीन. पेर पाचव्या बांबूशी यायला हवं होतं. पाचव्यापाशी टेबलच होतं. सहाव्यापाशीही टेबल. पेर होतं सहा आणि सातच्या बरोबर मधे.

तिनं पुन्हा मोजले. फोटो मोठा करून मोजले. मग दाताळं हातातून गळून पडलं.

उडी लहान झालीच नव्हती. जागा तीच, ढीग तोच. बदलली होती ती टेप. हॅलेटनं या वर्षी ओठापासून पेरापर्यंत मोजलं होतं, आर्डिससारखं. फळीवरचे पासष्ट हे खरेखुरे पासष्ट होते. आणि तिची पोर त्यातून पंधरा वजा करून पन्नासाच्या वेगानं सुटणार होती. पंधरा फूट अलीकडे, टेबलावर, टणक बर्फावर. पेरापर्यंतसुद्धा पोचणार नव्हती.

"काय झालं गं? पांढरीफटक पडलीस!" कर्टिस म्हणाला.

"सराव किती वाजता सुरू होतो तिथे?"

"नऊला बहुतेक. का?"

ती गाडीकडे पळत सुटली, म्हणजे खिळ्यांचा गुडघा जितकं पळू देईल तितकं. लिनियाचा फोन लागेना. चाचणीला पोरींचे फोन कपाटात ठेवून घेतात. हॅलेटच्या कचेरीचा फोन लागला, पण त्यात एक मंजूळ आवाज पुन्हा पुन्हा सांगत होता, की तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. "मोलाचा आहे तर उचला ना मेल्यांनो!" आर्डिस गाडीत एकटीच ओरडली. युसेबिओचा नंबर असता तर एका मिनिटाचं काम होतं. तो तिनं एकोणीस वर्षांपूर्वी फाडून चुलीत घातला होता.

सरळ बघितलं तर समोरचा डोंगर हाकेच्या अंतरावर, रस्त्यानं मात्र खिंडीतून बावीस मैल. खिंडीत बर्फ हटवणारी गाडी पुढे गोगलगायीसारखी चाललेली, आणि ओलांडायला जागा नाही. आर्डिसचा जीव टांगणीला लागला. स्टिअरिंगवर मुठी आपटत ती स्वतःलाच शिव्या देत होती. एकोणीस वर्षं लोकांना ओरडून सांगितलं, नीट मोजा, नीट मोजा. आणि कुणीतरी खरंच ऐकलं असेल, एवढी साधी शंका तिला आली नाही. दुसऱ्याच्या मापातली चूक तिनं पोरीला इतकी पक्की शिकवली होती, की आता त्या मापातलं खरेपणच पोरीच्या जिवावर उठलं होतं.

ती हॅलेटला पोचली तेव्हा नऊला पाच मिनिटं कमी होती. तारेवरून वर जाणाऱ्या पाळण्यापाशी उभ्या मुलानं तिच्या जाकिटावरचं लॉस्ट म्यूलच्या खेचराचं चित्र बघितलं आणि दात काढले. "काय काकू, वाट चुकलात की पक्ष बदललात?"

"माझी मुलगी वर आहे. सोड मला. नंतर काय टोमणे मारायचे ते मार."

तिचा चेहरा बघून तो पुढे झाला. पाळणा थांबवून त्यानं तिला हात धरून बसवलं.

पाळणा मैदानावरूनच जातो. अर्ध्या वाटेत तिला खाली सगळं दिसलं. पासष्ट फुटांची ती भली मोठी उडी, वर लाल झेंड्यापाशी सुटायची जागा, तिथे घोळक्यानं उभ्या पोरी. आणि त्या सगळ्यांपासून बरीच खाली, उतारावर एकटी, हिरव्या शिरस्त्राणातली लिनिया. चिठ्ठीत तिचा नंबर पहिला आला होता. तिच्याआधी कुणी उडी मारलेलं तिनं बघितलंच नव्हतं.

"लिनिया! वर जा! वर!" आर्डिस घसा फाटेस्तोवर ओरडली. वारा उलटा होता. लिनियानं पाटीचे पट्टे आवळले. बत्तीस फूट उंचीवर लोंबकळत्या बाकावर बसलेली आई काय करणार? उडी टाकायची तर पाय आधीच एक मोडलेला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं हात जोडले. कुणापुढे, ते तिलाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात लाल जाकिटातला एक म्हातारा कुंपणाखालून वाकून आत आला. एका कुशीवर झुकत, लंगडत, तो लिनियाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. हात आडवा केला. काहीतरी बोलला. लिनियानं मान हलवली, नाही. तो पुन्हा बोलला, आणि बोटानं कुंपणाचे बांबू मोजून दाखवू लागला. एक, दोन, तीन. आर्डिस वरून त्याच्याबरोबर मोजत होती. लिनियाची मान हळूहळू फळीकडे वळली. मग दोघं उतार चढून लाल झेंड्यापाशी गेली.

तिथे म्हाताऱ्यानं कुणाची तरी पाटी मागून घेतली. पायाला बांधली. आमच्या डोंगरांत एक रीत आहे. नव्या माणसाला वेग कळत नसेल तर जुन्या माणसानं पुढे सुटायचं, नव्यानं त्याच्या पाठीला चिकटल्यासारखं मागे यायचं. पुढच्याचा वेग तोच आपला वेग. हा म्हातारा म्हणजे युसेबिओ ट्रुहियो; वर्षांनुवर्षं तो पाटीवर उभा राहिला नव्हता, त्याचा खुब्याचा सांधा बदललेला होता. तो सुटला. मागे दोन हातांवर लिनिया. ओठ जवळ आला तसा म्हातारा एका बाजूला वळून बर्फात पार लोळण घेत गेला, आणि लिनिया सरळ वर उडाली.

किती वेळ ती हवेत होती! आर्डिसनं बांबू मोजले. पाच. सहा. पेर मागे पडलं. आणि पेराच्या पलीकडे, बरोबर दोन पावलांवर, पोर अलगद उतरली. बर्फाचा आवाजसुद्धा आला नाही.

पाळण्यातून उतरून आर्डिस खाली आली तेव्हा युसेबिओ अजून बर्फातच बसला होता, कंबर चोळत. हॅलेटची पोरं त्याच्याभोवती जमली होती. "युसेबिओकाका, उठता का आता, की तिथेच घर बांधताय?" एकानं विचारलं.

"उठवशील तेव्हा उठेन ना, गाढवा!"

तेवढ्यात त्याला आर्डिस दिसली. त्याचं हसू मावळलं आणि सवयीनं हात टोपीकडे गेला. टोपी मघाशी लोळण घेताना उडून गेली होती.

आर्डिसला बोलायचं होतं खूप. पण ती त्याच्या शेजारी बर्फातच बसली, आणि बावन्न वर्षांची ही धटिंगण बाई ओक्साबोक्शी रडायला लागली. पोरं चपापून पांगली.

"तुला कसं कळलं?" शेवटी तिनं विचारलं.

"ती सगळ्यांच्या खाली जाऊन उभी राहिली. घाबरलेली पोर तशी उभी राहत नाही. ही तर गालातल्या गालात हसत होती. म्हटलं, नाव काय गं पोरी? म्हणाली, हॉगन. मग काय राहिलं कळायचं? विचारलं, आईनं किती वजा करायला सांगितलंय? म्हणाली, पंधरा." युसेबिओनं नाक पुसलं. "तुझं गणित बरोबर होतं गं. गेल्या वर्षीपर्यंत."

"टेप कधी बदललीस?"

"या हिवाळ्यात. दर वर्षी मागत होतो, मालक दर वर्षी नाही म्हणायचे. या खेपेला सांगितलं, पेरापर्यंत मोजू देणार असाल तर स्नोकॅटवर बसतो, नाहीतर ही घ्या किल्ली." त्यानं बाहीवरचा बर्फ झटकला. "तुझा तो आदळल्याचा आवाज मी ऐकला होता, आर्डिस. अजून ऐकू येतो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार कसा? दुकानात तू तर पिठाच्या पिशवीशी बोलतेस!"

रडता रडता आर्डिसला हसू फुटलं. मग तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "युसेबिओ, माझ्या चुकीनं माझी पोर गेली असती. तू ती मला परत दिलीस. तुझे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आणि दवाखान्यातली ती फुलं, ती मी ठेवून घ्यायला हवी होती."

"पिवळी होती. महाग पडली होती," युसेबिओ म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते.

आमच्याकडे कामात चूक झाली की दंड म्हणून बिअरचं खोकं द्यावं लागतं. त्या दुपारी आर्डिसनं हॅलेटच्या पोरांना दोन खोकी दिली. एक पोरीला चुकीचं शिकवल्याचं. दुसरं कशाचं, म्हणून पोरांनी विचारलं, तर म्हणाली, "एकोणीस वर्षांचं. व्याज मागू नका."

लिनिया चाचणीत चौथी आली. घेतल्या तिघी. घरी येताना सबंध खिंडभर तिचं तोंड चालू होतं. पंचांचे डोळे फुटलेत, तिसऱ्या आलेल्या पोरीनं तर उतरताना हात टेकला होता, बूट चावतोय, भूक लागलीये, गाडीतला हीटर कधी दुरुस्त करणार आहेस. पोर दोन धड पाय डॅशबोर्डवर ठेवून बसली होती. एरवी त्यावरून आर्डिस किती खेकसायची! त्या दिवशी तिनं हीटरची जाळी पोरीच्या पायांकडे वळवली. यंदा नाही तर पुढच्या वर्षी जाईल पोर. पुढचं वर्ष आहे, हेच तिला पुष्कळ वाटत होतं.

त्यानंतरच्या बुधवारी तो इंटरनेटवाला लॉस्ट म्यूलला आला. गळ्यात कॅमेरा, हातात वही. कर्टिस त्याच्या मागेपुढे घुटमळत होता आणि आर्डिसला डोळ्यांनी खुणावत होता. फळीवर बावन्नच होते.

"बाई, सरळ विचारतो," तो म्हणाला. "मोठी उडी कुणाची? तुमची की हॅलेटची?"

कर्टिस खाकरला. मैदानावरच्या पोरांनी दाताळी थांबवली. या प्रश्नावर आर्डिसनं आजवर किती जणांची सालटी काढली होती, ते सगळ्यांना पाठ होतं.

"हॅलेटची," आर्डिस म्हणाली. "तेरा फुटांनी."

तो माणूस जरा गोंधळला. मग खिशातून त्यानं मोजायचं यंत्र काढलं. "ठीक आहे, इथली मोजून घेतो आणि मग तिकडे जाऊन त्यांची."

"इथली खुशाल मोज," आर्डिस दाताळं उचलत म्हणाली. "तिथली मोजायची गरज नाही. ती युसेबिओनं मोजलीये."